मालाचं वर्णन

"तूच धर. मी हात नाय लावणार," वंदनाताई म्हणाली.

मी धरली. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर बारकोडचं स्टिकर, आत पांढऱ्या सुती कापडाची चार पदरी घडी. घडीला रक्त लागलेलं होतं. रक्त माझं होतं. पाच मिनिटांपूर्वी ती घडी माझ्या अंगावर होती. वंदनाताई गोदामाची सिक्युरिटी गार्ड, बायकांची झडती घेणं हे तिचं काम. तिने मला पडद्याआड नेऊन ती काढायला लावली होती.

"तुमच्यात पाळत नायत ना? मग लाज कसली वाटते?" ती म्हणाली.

आमच्यात म्हणजे बौद्धांच्या घरांत. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हापासून आमच्याकडे पाळी आलेली बाई बाजूला बसत नाही. ती चुलीपुढे बसते, पाणी भरते, सगळं करते. आजी हे अभिमानाने सांगायची. तेच वाक्य कोणी असं तोंडावर मारू शकतं हे मला त्या दुपारी कळलं.

पडद्यापासून टेबलापर्यंत वीसेक पावलं होती. दुपारचे तीन वाजले होते आणि कामाची पहिली पाळी सुटत होती. एका बाजूला बायकांची रांग, दुसऱ्या बाजूला पुरुषांची. मधल्या टेबलावर रोज आमचे डबे उघडून बघतात. त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. "इथं ठेव," वंदनाताई म्हणाली. मी पिशवी ठेवली.

आमचा सुपरवायझर निलेश टेबलाशी उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, "माल सापडला."

पुरुषांच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "कंचा माल रे, आतला का बाहेरचा?"

हसले. सगळे नाही हसले. पण जे हसले नाहीत ते बघत होते.

आसनगावच्या पुढे हायवेला लागून आमचं गोदाम होतं. ऑनलाइन मागवलेला आणि परत आलेला माल तिथे यायचा. फोन, घड्याळं, चपला, कपडे. चांगला माल परत विक्रीला जायचा. डाग पडलेले, वापरून परत केलेले कपडे आमच्या टेबलावर यायचे. आमचं काम ते कापायचं. प्रत्येक कपड्यावर कटरने दोन उभे काप, एक आडवा. मग ते बोरीत भरायचे आणि बोरी शिवायची. कापलेलं कापड पुढे फरशी पुसायच्या फडक्यांसाठी जायचं. कापायचं कारण आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: कपडा अंगात घालण्यासारखा राहिला नाही की कामगार तो चोरणार नाही.

पहिल्या दिवशी माझ्या हातात लहान मुलीचा फ्रॉक आला. पिवळा, नवा, गळ्याशी टिकलीएवढा डाग. माझा हात थांबला. निलेश मागे उभा होता. "काप गो," तो म्हणाला, "तुझ्या घरचा हाय काय?" मी कापला. नंतर हात थांबायचा बंद झाला.

माझ्या शेजारी रंजनाताई बसायची. मुरबाडकडच्या एका पाड्यातली, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई. नवरा घरीच असायचा. कसं बसायचं, कटर कसा धरायचा, टॉयलेटचं टोकन कोणाकडे मागायचं हे मला तिने शिकवलं. टोकन कामाच्या एका पाळीला दोनच मिळायची. तिसऱ्यांदा जायचं तर निलेशला विचारावं लागे, आणि तो सगळ्यांसमोर विचारायचा, "कशाला?"

त्या दिवशी अकराच्या सुमारास मला पाळी आली. चार दिवस आधी. जवळ काही नव्हतं. बॅग गेटवरच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर सुटल्याशिवाय उघडत नाहीत. मी रंजनाताईला सांगितलं. तिने बोरीतून कापलेल्या बनियनची पट्टी काढली, मांडीवर घडी घातली आणि टेबलाखालून माझ्या हातात दिली.

"कोणी बघितलं तर?" मी विचारलं.

"चिंधीला कोण विचारतंय? आमी सगळ्या तेच करतो."

ते खरं होतं. आम्ही मूर्ख नव्हतो. गोदामातून फोन जातात, घड्याळं जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर गेटवर बटण होतं. बाहेर पडताना प्रत्येकाने दाबायचं. हिरवा दिवा लागला की सुटका, लाल लागला की पडद्याआड. पण कापलेल्या कपड्याला आम्ही माल समजत नव्हतो. आमच्या घरांत फाटलेलं कापड कोणाच्या मालकीचं राहत नाही. शेजारीण गोधडीसाठी मागते, बाळंतिणीला देतात, जखमेवर बांधतात. कंपनीने तर ते आमच्याच हातांनी निरुपयोगी करून घेतलं होतं. ते अजून कंपनीचं आहे, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दुपारी मी बटण दाबलं तेव्हा हिरवा दिवा लागला. मी पुढे निघाले. निलेश म्हणाला, "वंदनाताई, हिला घ्या."

का घेतलं तेही सांगितलं पाहिजे.

तीन दिवसांपूर्वी मी एक बोरी शिवत होते. ती बोरी निलेशने स्वतः आणून ठेवली होती, अर्धी भरलेली. वर कापड दाबून भरताना हाताला कडक लागलं. चौकोनी, एकावर एक. मी निलेशला हाक मारली. "दादा, यात काय तरी कडक लागतंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बटणं असतील," तो म्हणाला. "शिव तू."

मी शिवली. कापडाच्या बोऱ्या गेटवर कोणी उघडत नसे. चिंध्यांच्या बोरीत कोण हात घालणार? बोऱ्या टेम्पोत चढायच्या आणि जायच्या. मला दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी थापताना, कळलं की ते फोनचे खोके होते. आणि हेही कळलं की ते मी नेमकं कोणाला सांगून आले होते.

टेबलाशी उभी असताना हे सगळं माझ्यासमोर स्पष्ट होतं. फक्त मी घाबरलेली होते आणि माझ्या पायावरून रक्त ओघळत होतं. वंदनाताईने घडीच्या बदल्यात काही दिलं नव्हतं. मी मागितलंही नव्हतं.

मला ऑफिसात नेलं. एसी चालू होता. मॅनेजरसाहेब ठाण्याहून यायचे. स्वच्छ माणूस, हळू बोलणारा, मनगटावर लाल दोरा. ते म्हणाले, "बस." मी बसले नाही. खुर्चीवर डाग पडला असता. साहेबांना वाटलं मी उर्मटपणा करते आहे.

"शिकलेली आहेस?"

"बारावी."

"मग हे धंदे कशाला?"

साक्षीदार म्हणून दोघींना बोलावलं होतं. एक वंदनाताई. दुसरी रंजनाताई.

रंजनाताई दाराशी उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तिची नजर जमिनीवर होती, जिथे माझी पावलं होती. तिथे दोन थेंब पडले होते. ते बघून तिने डोळे मिटले.

"कापड कोणी दिलं?" निलेशने विचारलं.

तिचे डोळे मिटलेलेच होते. दोन मुली. मला त्यांची नावं माहीत होती, कोण कितवीत आहे तेही माहीत होतं.

"मी घेतलं," मी म्हणाले.

"म्हणजे कबूल."

"चिंधी घेतली. पाळी आली होती."

साहेबांनी हात वर केला. "ते नको. तपशील नको."

निलेशने छापील फॉर्म भरायला घेतला. तो बोलत बोलत लिहीत होता. मालाचे वर्णन: कापड, पांढरे, नग एक. कुठे सापडला: अंगावर. कबुली: होय. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं सही. साहेब चांगले हायत, पोलिसात देत नायत. सही कर, घरी जा, विषय संपला."

सही केली असती तर मी त्या दिवशी चार वाजता घरी गेले असते.

फॉर्म जाड लागला. मी पान उलटलं. मागे दुसरं पान टाचलेलं होतं. आधीच टाइप केलेलं. वर लिहिलं होतं, 'यापूर्वी गहाळ झालेला व आरोपीने नेलेला माल'. खाली यादी. मोबाइल फोन, कंपनीच्या नावासह. घड्याळं. कानात घालायचे हेडफोन. ओळीच्या ओळी. माझ्या नावाची जागा शाईने भरलेली होती. बाकी सगळं टाइप केलेलं.

मी खोलीतल्या प्रत्येकाकडे बघितलं. वंदनाताईला यादी माहीत नव्हती, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. निलेशला माहीत होती. साहेबांना माहीत होती की नव्हती, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात काहीतरी थंड झालं. मी फॉर्मचं पहिलं पान परत वर आणलं.

"हे पुरं लिहिलं नाय," मी म्हणाले.

"काय नाय लिहिलं?"

"वर्णन. कापड पांढरं नाय. त्याला काय लागलंय ते लिहा. आणि अंगावर कुठं सापडलं ते लिहा."

निलेश हसला. मग त्याने साहेबांकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

साहेब म्हणाले, "बायकांच्या गोष्टी कागदावर लिहीत नाहीत. तुला कळत नाही का?"

"टेबलावर ठेवल्यात ना."

 

मी पेन घेतलं. निलेशने लिहिलेलं खोडलं आणि वर स्वतः लिहिलं. बारावीला माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. मी सावकाश लिहिलं. 'माझ्या पाळीच्या रक्ताने भिजलेली चिंधी. माझी चड्डी काढायला लावून आतून काढलेली. माझ्या हाताने सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायला लावलेली.' कबुलीच्या ओळीत लिहिलं, 'चिंधी मी घेतली. मागच्या पानावरचा माल कापडाच्या बोरीतून जातो. मी शिवलेल्या बोरीत खोके होते. ते मी तीन दिवसांपूर्वी सुपरवायझरला सांगितलं आहे.' खाली सही केली. तारीख घातली.

साहेबांनी वाचलं. वाचताना त्यांनी कागद चेहऱ्यापासून लांब धरला होता, जणू तोच ओला आहे. मग फाडला. चार तुकडे केले.

"बोरीबद्दल तुला कोणी विचारलं?" ते म्हणाले.

"दुसरा फॉर्म द्या."

निलेशने दिला. त्याला वाटलं मी वाकले. मी तेच लिहिलं, शब्दाला शब्द. साहेबांनी तोही फाडला. मी तिसरा मागितला. तिसरा कोणी दिला नाही.

तेव्हा मला या माणसांची रीत कळली. ते माझी चड्डी काढायला लावू शकत होते. ती घडी वीस पावलं माझ्या हातात नाचवू शकत होते. पण तिचं नाव कागदावर लिहू शकत नव्हते, आणि मी लिहिलेलं ठेवूही शकत नव्हते. ज्या कागदावर ते लिहिलं आहे तो कागद त्यांच्या कपाटात राहू शकत नव्हता. मला चोर ठरवायला त्यांना माझी सही हवी होती, आणि माझी सही त्या शब्दांखालीच मिळणार होती.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. "आणि ते उचल इथून."

वंदनाताईने पिशवी वर्तमानपत्रासकट आत आणून दाराशी ठेवली होती.

"कंपनीचा माल आहे," मी म्हणाले. "जमा करून घ्या."

मी निघाले. मागून निलेश काहीतरी म्हणाला. 'तुमची जात' एवढंच ऐकू आलं. पुढचं मी ऐकलं नाही, आणि न ऐकलेलं मी इथे लिहिणार नाही.

आटगावपर्यंत चालत गेले. कंपनीची जीप होती, पण सीटवर बसायचं नव्हतं. ओढणी कमरेला बांधली. हायवेवर ट्रक जात होते. दोन ठिकाणी हॉर्न वाजवून कोणीतरी ओरडलं. मांड्या घासून सोलल्या होत्या. घरी पोचले तेव्हा आई अंगणात सरपण फोडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आधी पाणी तापवलं. मग विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आईने फोडलेलं सरपण रचलं. शेवटी म्हणाली, "आमी खळ्यावरून निघताना पदर झाडून दाखवायचो. भाताचा दाणा अडकला असला तर. ओटी उलटी करायची, मालकासमोर. रोज. त्यात काय."

आईने चाळीस वर्षं मजुरी केली. त्या चाळीस वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. तिच्या 'त्यात काय'ने मला त्या टेबलापेक्षा जास्त भीती वाटली. आणखी दहा वर्षांनी मी हेच म्हणाले असते. माझ्या मुलीला.

"सही केलीस?" आईने विचारलं.

"माझ्या शब्दांखाली केली. त्यांच्या नाय."

तिला ते कळलं की नाही माहीत नाही. तिने जेवायला वाढलं.

तिसऱ्या दिवशी मी शहापूरला पोलीस स्टेशनला गेले. अर्ज लिहून नेला होता. ठाणे अंमलदाराने दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. "बाई, हे असलं लिहितात का? गैरवर्तणूक केली, एवढं लिहा. सभ्य लिहा." मी सभ्य लिहिलं नाही. परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेले, अंमलदार नव्हते. तिसऱ्यांदा एक महिला पोलीस होती. तिने पूर्ण वाचलं, दार लावलं, आणि विचारलं, "कापड कुठंय?"

"त्यांच्याकडे."

"त्यांनी ठेवलं असेल काय?"

"नसेल."

तिने अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. तिच्याकडून तेवढंच झालं, आणि तेवढंही आधी कोणी केलं नव्हतं.

मग काम मिळणं बंद झालं. या पट्ट्यातल्या गोदामांना माणसं पुरवणारे ठेकेदार तीन-चारच आहेत. ते एकमेकांना फोन करतात. वाशिंदला मला गेटवरून परत पाठवलं. गावात टमटमवाल्याने विचारलं, "काय गो, फोन हाय काय एखादा स्वस्तातला?" त्याला ती मोठी गंमत वाटली होती. मी बसले, उतरले, दुसऱ्या दिवशीही त्याच्याच टमटममध्ये बसले. निलेश आहे तिथेच आहे. बोऱ्या जातात की नाही, माहीत नाही. मी आता भाताच्या गिरणीत जाते, दिवाळीनंतरचे चार महिने. बाकी मजुरी.

रंजनाताई मागच्या आठवड्यात घरी आली. पहिल्यांदाच आली. सोबत धाकटी मुलगी होती. ओटीवर बसली, चहा घेतला. आमच्या घरचा चहा ती घेईल असं आईला वाटलं नव्हतं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "निलेशने पाठवलंय."

मी कप खाली ठेवला.

"ठेकेदार तुला घेतो म्हणतोय. दुसऱ्या गोदामात, आसनगावातच. पॅकिंगला. बसून काम. फक्त एक कागद द्यायचा पोलिसात. गैरसमज झाला होता, असा."

"आणि नाय दिला तर?"

ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. "तर चौकशीला मला बोलावतील. मी तिथं उभी होते ना. काय सांगू मी? मी दिलं म्हणून सांगू? मला काढतील गो. तुझं तर गेलंच हाय. माझं कशाला घालवतेस?"

ती खोटं बोलत नव्हती. मला तिचा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. त्या दिवशी तिने डोळे मिटले होते, तो राग माझ्यात अजून आहे. पण ती घडी तिने दिली होती, कोणी विचारायच्या आधी, मांडीवर नीट चार पदर करून. तेही आहे.

"तुझं नाव मी घेतलं नाय," मी म्हणाले. "घेणार पण नाय. तुला विचारलं तर काय सांगायचं ते तू बघ."

"मग कागद?"

"गैरसमज नव्हता झाला. त्या खोलीत कोणाचा कसलाच गैरसमज नव्हता."

ती उठली. मुलीला चप्पल घालायला लावली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "तुला मिळणार काय पण यातून?"

मी तिला खरं तेच सांगितलं. काम मिळणार नाही. माफी मिळणार नाही. निलेशला कदाचित काहीही होणार नाही. सोमवारी मला पोलिसांनी चौकशीला बोलावलं आहे. साहेब असतील, निलेश असेल, त्यांचा वकील असेल. तिथे पुरुष जास्त असतील आणि मला पुन्हा सांगावं लागेल, कापड कुठे होतं, कसं काढलं, कोणी धरलं. ते खाली बघतील. तपशील नको म्हणतील.

मी सगळा तपशील देणार आहे.